डाव्या कडेला आई: नळदुर्ग, येरमाळा आणि एक बिघडलेला फोटो

हा प्रवास ठरला तो सोलापुरात, डोळ्यांच्या दवाखान्याच्या जिन्यात. आत डॉक्टरांनी अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, चौकटी आखलेला एक कागद दाखवला होता आणि मधल्या ठिपक्याकडे बघायला सांगितलं होतं. अप्पांनी विचारलं, "कुठला ठिपका?" मग डॉक्टर माझ्याशी बोलायला लागले. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग वयानं झिजलाय. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं टिकावं म्हणून इंजेक्शनं देऊ. कडेचं दिसत राहील, उजवीकडे जरा धूसर, डावीकडे बरं. समोरच्या माणसाकडे थेट न बघता किंचित बाजूला बघायची सवय करा, म्हणजे तो कडेनं दिसेल.

जिना उतरताना अप्पा कठडा धरून थांबले.

"जयू, तुझ्या आईची साडी दिसते मला," ते म्हणाले. "तोंड दिसंना झालंय."

खाली येऊन आम्ही चहा घेतला. कप ठेवताना ते म्हणाले, "एकदा नळदुर्गला जाऊ. तिचा फोटो काढायचाय. मी काढणार, तू न्हाय."

अप्पांचं उमरग्यात कापडाचं दुकान होतं. माल आणायला ते आयुष्यभर सोलापूरला गेले, आणि जाता-येता नळदुर्गचा किल्ला एसटीच्या खिडकीतून बघितला. थांबले एकदाच, लग्नानंतर, आईला घेऊन. मित्राचा कॅमेरा मागून आणला होता. धबधब्यासमोर आईला उभं करून फोटो काढला आणि घरी येऊन रोल भरलाय की नाही ते बघायला कॅमेरा उघडला. उजेड लागून सगळा रोल गेला. ही गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगितली गेली आहे की तो न आलेला फोटो मला आठवतो असं वाटतं.

आईचं माहेर कर्नाटकात, आळंदच्या बाजूला. ती चिडली की कानडीत चिडते. डॉक्टरांनी सांगितलेलं बाजूला बघणं तिला अजिबात मान्य नव्हतं. "बोलायचं माझ्याशी आन् बघायचं कॅलेंडरकडं. शेजारीण इचारत होती, काय भांडण झालंय का म्हणून." अप्पांनाही ते जमत नव्हतं. "ह्या वयात बायकोकडं तिरकं बघू का आता?" ते म्हणायचे, आणि सरळ तिच्या तोंडाकडे बघायचे, जिथं त्यांना काहीच दिसत नव्हतं.

एक मात्र बदललं होतं. आमच्याकडे जुनी माणसं बायकोला नावानं हाक मारत नाहीत. अप्पांनीही कधी मारली नव्हती, "अगं ऐकलंस का" यावर त्यांचा सगळा संसार झाला. पण खोलीत कोण आलं ते कळेनासं झाल्यापासून ते विचारायला लागले, "महादेवी?" लोकांसमोर ते ऐकलं की आई अजून लाजते.

श्रावणात मी पुण्याहून गाडी घेऊन उमरग्याला गेले. दोन दिवसांचा बेत केला: नळदुर्ग, मुक्काम तुळजापूरला, दुसऱ्या दिवशी धाराशिवमार्गे येरमाळ्याच्या येडेश्वरीला आणि परत. येडेश्वरीची ओटी भरायची आईची इच्छा होती. कुणाला असाच प्रवास करायचा असेल तर दोन दिवस पुरतात, घाई होत नाही. उमरग्याहून निघण्याआधी हायवेवर सुशीला खाऊन घ्या. चुरमुरे भिजवून, डाळ्याचं कूट लावून केलेली सुशीला आणि बरोबर तळलेली मिरची. पुण्यात मी ती किती वेळा करून बघितली, तशी होत नाही.

हायवे चांगला आहे. मालाचे ट्रक मात्र भरपूर, डाव्या बाजूनं उलटे येणारे दुचाकीवाले त्याहून जास्त. दोन्ही बाजूंना सोयाबीन होतं, मधूनच उसाचा पट्टा. आभाळ भरलेलं आणि पडत काहीच नव्हतं. अप्पा पुढच्या सीटवर बसून खिडकीबाहेर बघत होते आणि मधूनच विचारत होते, "जळकोट गेलं?" पूर्वी ते आम्हाला सांगायचे, काय गेलं आणि काय येणार.

नळदुर्गचा किल्ला मोठा आहे. काळ्या दगडाची तटबंदी गावाला लागूनच सुरू होते आणि संपतच नाही. तिकीट काढून आत गेलं की बरंच चालावं लागतं, म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाणार असाल तर सकाळी जा आणि पाण्याची बाटली बरोबर ठेवा. आतली मोठी नवलाई म्हणजे पाणी महाल. बोरी नदीवर भिंत बांधून पाणी अडवलंय आणि त्या भिंतीच्या पोटात महाल आहे. नदी भरली की भिंतीवरून दोन धबधबे पडतात, नर आणि मादी. लोक लांबून येतात ते त्यासाठी.

आम्ही पोचलो तेव्हा भिंतीशी जायच्या आधीच अप्पा म्हणाले, "आवाज येत न्हाय."

खरंच नव्हता. नदीला पाणी बेताचं होतं, भिंत कोरडी. दगडावर मागच्या पाण्याचे हिरवट-काळे ओघळ तेवढे होते. महालात खाली उतरलो. अंधारात वटवाघळांचा वास येत होता, आणि कुणीतरी भिंतीवर स्वतःचं आणि कुणाचं तरी नाव कोरून ठेवलं होतं. अप्पांनी हातानं दगड चाचपला. "गार हाय," म्हणाले.

मग वर येऊन फोटो.

आईनं हिरवी इरकल नेसली होती, लाल काठाची. ही साडी अप्पांनीच दुकानातून तिच्यासाठी काढून ठेवलेली, कारण हा काठ त्यांना लांबूनही कळतो. अप्पांनी माझा फोन घेतला आणि नाकाला लागेल इतका जवळ धरला.

"कठड्याकडं सरक," ते आईला म्हणाले.

आई सरकली.

"अजून."

"अवो, मागं धबधबा यायला पायजे ना? इकडं नुसता कठडा हाय."

"धबधबा हाय कुठं? सरक की तू."

आई अजून सरकली. मी त्यांच्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत होते. आई पार डाव्या कडेला गेली होती, तिचं कोपर बाहेर. मध्ये नुसती कोरडी भिंत आणि राखाडी आभाळ. मी म्हटलं, "अप्पा, फोन थोडा फिरवा, आई मध्ये येईल." ते म्हणाले, "तू गप बस."

"अजून थोडी सरक, महादेवी."

"आता काय खाली उडी मारू का?" आई म्हणाली. बाजूनं जाणारी एक जोडी हसली. तशी आईनं पदराचा काठ दातात धरला, हसू आलं की ती तसं करते, आणि "साकु, साकु" म्हणाली. म्हणजे पुरे आता.

"हां," अप्पा म्हणाले. "आता आलीस." आणि बटण दाबलं.

एकच फोटो काढला. दुसरा काढूया म्हटलं तर नको म्हणाले.

तुळजापूरला पोचेपर्यंत दोघंही गाडीत झोपले. मंदिरापासून जवळच एक साधी, स्वच्छ खोली मिळाली. नवरात्र सोडून गेलात तर आधी नोंदवायची गरज पडत नाही. खानावळीत ज्वारीची पातळ भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि भरलं वांगं मिळालं. अप्पांना मी ताट घड्याळासारखं सांगायला गेले, बाराला चटणी, तीनला वांगं, तर म्हणाले, "मला जेवता येतंय. फोटो कसा आला ते सांग."

मी म्हटलं, "छान आलाय."

आला नव्हता. फोटो वाकडा होता, भिंत एका बाजूला उतरलेली. उजव्या कोपऱ्यात अप्पांच्या बोटाचा गुलाबी ढग. आईच्या मागे आभाळ उजळ, त्यामुळे तिचा चेहरा काळवंडलेला. आणि मधोमध काहीच नाही.

हा ब्लॉग वाचणारे मला नेहमी विचारतात की फोटो कसे सुधारता, तर त्या संध्याकाळी मी जे केलं ते सांगते. आधी फोटो सरळ केला. वाकडा फोटो आधी सरळ करावा, मग कापावा, नाहीतर दोनदा कापावा लागतो. मग उजवीकडचं सगळं काढून टाकलं, बोट, आभाळ, भिंत, आणि चौकट आईभोवती आणली. आता ती मधोमध आली. सावलीतला भाग उजळ केला तसा तिचा चेहरा वर आला, कपाळावरचं कुंकू आणि त्याच्यावर विभूतीचा फिका पट्टा दिसायला लागला. कठड्यावर अडकलेली प्लॅस्टिकची पिशवी पुसली. आभाळाचा पांढरेपणा कमी केला. साडीचा हिरवा जरा गडद केला, पण फार नाही, रंग ओरडायला लागला की माणूस मागे जातो.

झाल्यावर मी बराच वेळ त्या फोटोकडे बघत राहिले. काठ दातात धरलेली, हसू दाबणारी माझी आई. तिचा इतका चांगला फोटो आजवर आला नव्हता. अप्पांना मोठा करून द्यायचा, इतका मोठा की दिसायलाच पाहिजे, असं मी ठरवलं. त्या विचारानं मला बरं वाटलं. जिन्यातल्या त्या वाक्यानंतर पहिल्यांदाच काहीतरी करता येईल असं वाटलं होतं.

सकाळी दर्शनाला गर्दी कमी होती, तरी गाभाऱ्यासमोर थांबू देतात ते क्षणभरच. "चला, बघा आणि चला," असं चाललेलं. बाहेर आल्यावर अप्पा म्हणाले, "शालू जांभळा होता. न्हाय?" आई म्हणाली, "व्हय." मुखवट्याबद्दल कुणीच बोललं नाही.

धाराशिवला बसस्टँडच्या बाजूला एक फोटो स्टुडिओ सापडला. स्टुडिओवाला माझ्याच वयाचा, कपाळावर चष्मा चढवलेला. मी फोन पुढे केला, मोठी प्रिंट आणि फ्रेम पाहिजे म्हणून सांगितलं. त्यानं फोटो बघितला, मान हलवली आणि आवाज खाली आणून विचारलं, "हाराची जागा सोडायची ना वर? कधी वारल्या?"

मागच्या बाकावरून आई म्हणाली, "अजून वारले न्हाय. पाणी असलं तर द्या थोडं."

त्यानं जीभ चावली आणि स्वतः उठून पाणी दिलं. "माफ करा मावशी. एकट्या म्हाताऱ्या माणसाचा फोटो मोठा करायला आणतात ते त्याचसाठी आणतात हो. सवय झाली."

"मग माझा करून ठेवा आत्ताच. तेवढंच पोरांचं काम वाचंल," आई म्हणाली.

अप्पा हसले नाहीत.

स्टुडिओवाल्याला बहुतेक भरपाई करायची होती. "मागं नळदुर्गचा धबधबा टाकू का? माझ्याकडं हाय एक, चांगला भरून पडलेला. कळणार बी न्हाय. आन् मावशींना जरा उजळ करतो."

"सासरी आले तवा कुणी केलं न्हाय उजळ, आता कशाला?" आई म्हणाली.

मी दोन्हीला नको म्हटलं. खोटं पाणी नको होतं. मी फोटोत काहीच घातलं नव्हतं, फक्त काढलं होतं, असा माझा समज होता.

फ्रेम दुपारी मिळणार होती, तोवर येरमाळा. धाराशिवहून बीडच्या रस्त्याला सरळ जायचं. येडेश्वरीचं देऊळ टेकडीवर आहे, पायऱ्या आहेत. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेला इथं पाय ठेवायला जागा नसते, लोक पालखीबरोबर रानात जाऊन चुनखडीचे खडे वेचतात आणि ढिगावर टाकतात. आई लहानपणी एकदा आली होती, तिला ते खडे आठवत होते, देऊळ आठवत नव्हतं. आत्ता यात्रा नव्हती, पण श्रावणातला शुक्रवार होता आणि ओटी भरायला आलेल्या बायकांची रांग पायऱ्यांवरून खालपर्यंत.

तीच हिरवी इरकल नेसून आई वर गेली. अप्पा आणि मी खाली एका हॉटेलात चहा घेत बसलो. शेजारच्या दुकानात कुंथलगिरीचे पेढे होते, खव्याचे, भाजलेल्या रंगाचे. घेणार असाल तर एक खाऊन मगच बांधून घ्या, सगळीकडे सारखे नसतात. वारा सुटला होता आणि आभाळ टेकडीवर टेकलं होतं.

बऱ्याच वेळानं बायकांचा एक घोळका पायऱ्या उतरून आला. अप्पा उठले. मला वाटलं, पाय मोकळे करतायत. ते दोन पावलं पुढे गेले, हात पुढे केला आणि म्हणाले, "महादेवी, आण ती पिशवी इकडं. दमलीस का?"

समोरची बाई थबकली. हिरवीच साडी, लालसर काठ. तिनं पिशवी छातीशी धरली.

"कोण महादेवी? ओ आजोबा, म्या न्हाय तुमची महादेवी."

तिच्याबरोबरच्या बायका हसल्या. "जा की गं, बोलावतायत तर. चहा तरी मिळंल," एक म्हणाली. दुसरीनं मला अप्पांच्या डोक्यावरून विचारलं, "डोळे गेलेत का ह्यांचे?"

मी काही बोलायच्या आत अप्पाच म्हणाले, "मधले गेलेत. कडेचे हायेत." मग त्या बाईला हात जोडले. "चुकलं बाई."

तिचं हसू गेलं. तिनं पिशवीतून नारळाचा तुकडा काढून त्यांच्या हातावर ठेवला आणि ती घोळक्यामागे गेली. अप्पा परत खुर्चीत येऊन बसले. तो तुकडा त्यांनी खाल्ला नाही, हातात धरून ठेवला.

"हिरवा रंग लई विकला मी," थोड्या वेळानं ते म्हणाले. "दुकानात आलेल्या प्रत्येकीला सांगायचो, हिरवं घ्या, काठ उठून दिसतो. आता बस म्हणावं शोधत."

मी त्यांचा हात धरला.

"म्हणून फोटो पायजे होता," ते म्हणाले. "माणूस हलतो. मी बघायला लागलो की ती सरकते, न्हायतर विचारते काय बघता. फोटोतली हलायची न्हाय. मला पायजे तितकं बघता येईल."

आई खाली आली तेव्हा ते तिच्याकडे बघत होते, पण ती "चला" म्हणेपर्यंत त्यांनी काही विचारलं नाही.

दुपारी फ्रेम घेतली. काच, सोनेरी कड, आत आई. गाडीत ती आईनं मांडीवर उलटी धरली होती, "स्वतःचंच तोंड काय बघायचं" म्हणून. उमरग्याला पोचल्यावर मी आधी खिळा ठोकला. अप्पांच्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला, फोटो लावला. अप्पांनी खुर्ची पुढे ओढली आणि बसले. बघत राहिले. मी बाजूला उभी राहून त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"झकास हाय फ्रेम," ते म्हणाले.

"आणि फोटो?"

"चांगलाय की. तू केलंस म्हणजे चांगलंच."

ते अजून थोडं बसले. मग उठून हात धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी पुण्याला निघायच्या आधी आई म्हणाली, काढलेले सगळे फोटो टीव्हीवर दाखव, फोनमधलं मलाबी दिसत न्हाय. मी फोन टीव्हीला जोडला आणि एकेक फोटो पुढे सारत गेले. तटबंदी, बुरूज, पाणी महालाचा अंधार. अप्पा टीव्हीपासून हातभर अंतरावर खुर्ची टाकून बसले होते, आईच्या सांगण्यावर "हं, हं" करत. मध्येच अप्पांनी काढलेला मूळ फोटो आला. सुधारला की मी मूळ फोटो पुसून टाकते, फोनमध्ये जागा राहत नाही म्हणून. हा कसा राहिला होता कोण जाणे. मी पुढे सारणार तेवढ्यात ते म्हणाले, "थांब."

मी थांबले.

ते सरळ पडद्याच्या मध्यावर बघत होते. त्या कोरड्या भिंतीकडे, राखाडी आभाळाकडे.

"ही बघ," ते म्हणाले. "काठ दातात धरलाय हिनं."

आईनं खांद्यावरचा पदर सारखा केला.

"लग्नात बी असंच केलेलं. भटजी काय तरी बोलले आन् हिला हसू आलं. मी म्हटलं, आता ही साडी फाडती का काय." त्यांनी डोळे हलवले नाहीत. "बारीक झालीस गं, महादेवी. गाल बसले."

मी हळूच म्हटलं, "अप्पा, भिंतीवरच्या फोटोत पण आई अशीच आहे. हाच फोटो आहे तो."

"असंल. मला तिथं काळं दिसलं."

"मग चांगला आहे म्हणालात?"

"फ्रेम चांगली होती की," ते म्हणाले.

त्यांनी तिला कठड्याकडे सरक, अजून सरक, असं का म्हटलं होतं ते मला तेव्हा समजलं. त्यांच्या डोळ्यांच्या मध्यावर जी जागा गेली आहे, ती त्यांनी फोटोच्या मध्यावर रिकामी ठेवली होती आणि आईला तिथं नेऊन उभं केलं होतं जिथं ती त्यांना दिसते. या फोटोकडे त्यांना तिरकं बघावं लागत नव्हतं. सरळ बघितलं की ती दिसत होती. मी तो फोटो नीट केला, म्हणजे तिला उचलून नेमकी त्या काळ्या डागात ठेवली. वर सोनेरी फ्रेम बसवली.

त्या दिवशी मी निघाले नाही. उमरग्याच्या स्टुडिओत जाऊन नवी प्रिंट काढली, टेबलाएवढी. या वेळी आईचा चेहरा फक्त उजळ केला आणि लाल काठ थोडा गडद केला. कापलं काहीच नाही. सरळही केला नाही, कारण सरळ करतानाही कडेचं थोडं जातं, आणि आई अगदी कडेलाच होती. अप्पांचं बोट कोपऱ्यात तसंच ठेवलं. स्टुडिओतला माणूस म्हणाला, "मॅडम, ह्यात मधे काहीच न्हाय." मी म्हटलं, "हो, असू दे."

पुण्याला परत आल्यावर हे लिहायला खूप दिवस गेले. नळदुर्गबद्दल काय सांगू? धबधबा बघायचा असेल तर नदीला पाणी आहे का ते तिथल्या कुणालातरी विचारून जा. आम्हाला दिसला नाही, आणि अप्पांना पुढच्या वर्षी पाणी आलं तरी किती दिसेल, माहीत नाही. मागच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, डाग थोडा वाढलाय. फोटोबद्दल एवढंच सांगते की सुधारण्याआधी मूळ प्रत बाजूला ठेवा. या लेखाच्या वर लावलेला फोटो तो मूळ आहे. तो असा का, हे विचारणाऱ्यांना आता उत्तर मिळालं असेल.

दिवाळीला उमरग्याला गेले तेव्हा फोटो भिंतीवर होता. येणारे-जाणारे त्याला हसतात. अप्पांचे दुकानातले जुने मित्र म्हणत होते, "वहिनीला कोपऱ्यात का टाकलंय? भांडला होता का त्या दिवशी?" अप्पा त्यांच्या आवाजाच्या दिशेनं बघून म्हणाले, "ती तिथंच बरी दिसते."

मित्र गेल्यावर आई पोहे निवडायला बसली. तिची बसायची जागा वर्षानुवर्षं ठरलेली, अप्पांच्या खुर्चीसमोर, दाराच्या उजेडात. आता पाट तिथं नव्हता. तो खुर्चीच्या डावीकडे, भिंतीलगत सरकवला होता, उजेड कमी असलेल्या बाजूला. अप्पा समोरच्या रिकाम्या जागेकडे बघत तिच्याशी बोलत होते, आणि ती त्यांना उत्तर देत होती. कॅलेंडरकडे बघता म्हणून कुरकुर नाही, काही नाही.

अप्पा आत गेल्यावर मी तिच्याजवळ बसले. मला विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं, "आई, डाग अजून वाढला तर गं?"

तिनं सुपातला एक खडा बाजूला काढला.

"सरकायचं अजून," ती म्हणाली. "घर काय एवढं लहान न्हाय."